सातव्याशी कोण बोललं

धाकटी माझी जाऊ. तिला या नोकरीला मीच लावलं, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला बिचारी म्हणायला नको. स्वतःच्या पायावर धोंडा मी स्वतःच पाडून घेतला, तोही दोन्ही हातांनी उचलून.

आमच्या केंद्रात क्रौंच वाढवतात. माणसाच्या छातीपर्यंत येणारे, राखी रंगाचे, लांब मानेचे पक्षी. डोंगरापलीकडच्या दलदलीत ते एके काळी शेकड्यांनी उतरायचे. मग लोकांनी चर खणून तिथलं पाणी काढून दिलं, दलदल सुकली आणि क्रौंच संपले. आता ते चर बुजवलेत. पाणी परत आलंय, लव्हाळं माजलंय, राखणदार बसवलेत, बंदूक घेऊन आत जायची कुणाची हिंमत नाही. घर तयार आहे, फक्त राहणारे नाहीत. ते आम्ही पाठवतो. केंद्रात पिंजऱ्यात पाच जोड्या आहेत. त्यांची अंडी उचलायची, यंत्रात उबवायची, पिल्लं वाढवायची आणि उडायला लागली की दलदलीत नेऊन सोडायची.

यातला सगळ्यात मोठा नियम म्हणजे पिल्लाला माणूस कळता कामा नये. क्रौंचाचं पिल्लू जन्मल्यावर ज्याला बघेल, ज्याचा आवाज ऐकेल, त्याला आई मानतं. माणसाला आई मानलं की ते कामातून गेलं. मोठं झालं तरी माणसामागे येतं, रस्त्यावर येतं, शिकाऱ्यासमोर मान वर करून उभं राहतं. म्हणून पिल्लांजवळ जाताना आम्ही पायघोळ राखी झगा घालतो, तोंडावर जाळी ओढतो, उजव्या हातात क्रौंचाचं खोटं डोकं धरतो आणि त्या खोट्या चोचीनं त्यांना भरवतो. खिशातल्या रेकॉर्डरवर क्रौंचाचा आवाज चालू असतो, आपला मात्र बंद. अंडी उबवतात त्या खोलीतसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, कारण शेवटच्या आठवड्यात पिल्लू कवचातून ऐकत असतं. तिथे भिंतीवर एक पाटी टांगलीये. जे काय सांगायचं ते खडूनं लिहायचं. शिंक आली तर बाहेर पळायचं.

त्या खोलीत मी अकरा वर्षं काढली. मी आणि गप्प, हे ऐकून आमचे हे अजून हसतात. "तिथलं कुलूप घरी का नाही आणत?" असं विचारतात. मी म्हणते, "घरी आणलं तर तुमचं कसं होईल?"

अंडी सांभाळणं म्हणजे काय काम आहे, असं लोकांना वाटतं. दिवसातून पाच वेळा फिरवायची, वजन करायचं, दिव्यासमोर धरून आतल्या शिरा बघायच्या. हात थरथरून चालत नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही अंडं फुटलेलं नाही. पण पिल्लू बाहेर आलं की दुसऱ्याच दिवशी ते उचलून वाढीच्या पिंजऱ्यांकडे नेतात, तिथून तीन महिन्यांनी दलदलीत. माझ्या हाताखालून गेलेला एकही पक्षी मी उघड्यावर उडताना पाहिला नव्हता. एकही नाही! दर वर्षी पक्ष्यांबरोबर एक जण दलदलीत जातो. तिथल्या झोपडीत राहतो, झगा घालून त्यांच्यासोबत फिरतो, त्यांना चरायला आणि उथळ पाण्यात उभं राहून झोपायला शिकवतो. मग एका सकाळी ते त्याच्याकडे न बघता उडून जातात, आणि त्याचं काम संपतं. मला तेवढं बघायचं होतं. डॉक्टर, म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, दोन वर्षं म्हणत होते, "पुढच्या खेपेला तुम्हीच, ताई." मीही अशी खुळी की गमबूट आणून ठेवले होते. खोक्यातून काढून मधूनमधून पुसायचे.

आणि मग मी धाकटीला आणलं. ती लग्न होऊन आली, घरात बसून कंटाळायला लागली, सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याकडे लाव की हिला कुठेतरी." मी म्हटलं, लावते. पिंजरे धुवायला कुणीतरी हवंच होतं.

पिंजरे धुवायला आलेल्या धाकटीनं आठव्या दिवशी झगा चढवला. चार पावलं टाकली. डॉक्टरांनी हातातला चहा खाली ठेवला. "ही चाल बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "पाय कसा उचलते बघा. हिला शिकवायचं काय राहिलं!" मी झगा घातला की गादीची खोळ चालत निघाल्यासारखी दिसते, हे मला ठाऊक आहे. तरी डॉक्टरांनी तेही सगळ्यांसमोर सांगून घेतलं, हसत हसत.

जळते मी तिच्यावर. सरळ सांगते, आडपडदा कशाला? ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती वाईट नाही. "ताई, तुम्ही बसा, मी करते," असं म्हणते आणि खरंच करते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला तेवढं पुरतं. घरी जेवायला बसलं की सासूबाई तिला विचारणार, "आज पिल्लं कशी आहेत गं?" ती हातवारे करून सांगणार, कोण धडपडलं, कोणी कुणाच्या तोंडातला किडा पळवला. दीर हसणार, आमचे हेसुद्धा हसणार. अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नाही, आज अंडी कशी आहेत. बरोबर आहे म्हणा, अंडं काय करणार? पडून राहणार. पण ज्या किडेचोराच्या गमती हे सगळे ऐकत होते, तो महिनाभर माझ्या तळहातावर होता, हे कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

यंदा सात अंडी धरली होती. सहा वेळेवर फुटली. सातव्याला भोक पडलं, आतून चोच दिसली आणि मग काहीच नाही. एक दिवस गेला, दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. आत जीव होता, पण तो थकला होता. बाहेरून कवच सोलायचं तर रक्त जातं, नाही सोललं तर आत गुदमरतं. मी स्टुलावर बसून राहिले होते. बाकीचे डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. कसली बैठक आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

दार हळूच उघडून धाकटी आत आली. चेहरा असा फुललेला. खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं, "ताई, दलदलीत मला पाठवणार आहेत!"

मी पाटीकडे बघत राहिले. तिनं खाली लिहिलं, "डॉक्टर म्हणाले, पिल्लं माझ्या मागे नीट येतात म्हणून."

मी खडू घेतला आणि लिहिलं, "छान." खडू मोडला. तिनं वाकून तुकडा उचलून माझ्या हातात दिला, मला मिठी मारली आणि चवड्यांवर निघून गेली. पाटी पुसायचीही राहिली तिची.

मग माझं तोंड सुटलं. कुणाशी बोलणार? समोर अंडं होतं. मी त्याच्या भोकाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "ऐकलंस का रे? अकरा वर्षं इथे घासतेय मी. आणि ती चालते छान! चालते म्हणे छान!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आता तू तरी बाहेर ये. का तूही तिचीच वाट बघतोयस, गुलामा?"

आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. मी पुन्हा म्हटलं, "ये ना रे." पुन्हा आवाज. मी बोलायची, तो उत्तर द्यायचा. आणि खटकन् कवचाचा एक तुकडा उडाला. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलत होते. सासरचं, माहेरचं, गमबुटांचं. सूर्य मावळायच्या आत तो ओला गोळा माझ्या हातात होता. बोलले नसते तर तो मेला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरंही असेल ते. पण ते पहिल्या दिवसापुरतं.

दुसऱ्या दिवशी त्याला वाढीच्या पिंजऱ्यात नेलं. पायात पिवळं कडं, त्यावर सात आकडा. आमच्याकडे पक्ष्यांना नावं ठेवत नाहीत, आकड्यांनीच बोलवतात, म्हणजे जीव गुंतत नाही. माझा गुंतून बसला होता. धाकटी अकरा वाजता चहाला जायची तेव्हा तिच्या जागी दहा मिनिटं कुणीतरी लागायचं. "मी थांबते," मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, किती करता हो तुम्ही!" झगा घालून मी आत जायची, रेकॉर्डरचा आवाज मोठा करायची आणि सातव्याच्या शेजारी बसून हळूच म्हणायची, "काय रे गुलामा." बस्स, एवढ्यावर तो सगळं टाकून माझ्याकडे यायचा. तिच्या मागे सातही जण जायचे, खरं आहे. पण ते झग्याच्या मागे जायचे. झग्यात ती काय, दुसरी कुणी काय. माझ्याकडे तो माझ्यासाठी येत होता.

मला कळत नव्हतं का? अकरा वर्षं कोणाला सांगत आले, बोलू नका म्हणून? सगळं कळत होतं. रोज ठरवायची, उद्यापासून बंद. रोज अकरा वाजायचे, धाकटी कुणाशी तरी खिदळत चहाला जायची आणि मी जाळी वर करून माझं तोंड त्याला दाखवायची.

पिल्लं तीन महिन्यांची झाली, कमरेच्या वर आली, पंख भरले. दलदलीत न्यायच्या दहा दिवस आधी भीतीची चाचणी असते. डॉक्टर साध्या कपड्यांत, चौकड्यांचा शर्ट घालून, हातातलं ताट बडवत, ओरडत पक्ष्यांच्या आवारात घुसतात. पक्ष्यांनी पळायला हवं. जितके जोरात पळतील तितके चांगले. आम्ही आडोशाच्या फटीतून बघत होतो. डॉक्टर घुसले आणि सहा जण पंख फडफडवत पार कोपऱ्यात गेले. सातवा जागेवरच उभा राहिला. मान उंच केली. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं आणि दोन पावलं पुढे आला.

डॉक्टरांनी ताट खाली घेतलं. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला होता. "याच्याशी कुणीतरी बोललंय," ते म्हणाले.

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. पिंजरे तिचे, पिल्लं तिची, दिवसभर आत तीच. "मी नाही," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, मी नाही हो." डॉक्टर म्हणाले, "काम करताना तुम्ही गुणगुणता, बाई. भांडारात मी ऐकलंय." ते खरं होतं, ती गुणगुणायची, पण भांडारात. "पिंजऱ्यात कधीच नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी मूग गिळून उभी होते. 

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "सातव्याला अजून आठवडाभर बघू. दोनदा-तीनदा घाबरवलं तर कदाचित सुधारेल. पण दलदलीत बोलणारं माणूस पाठवायची जोखीम मी घेऊ शकत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही जायचं."

बघा! असं मिळालं. मागून नाही मिळालं, राबून नाही मिळालं, असं मिळालं.

घरी धाकटी जेवली नाही. दीर तिच्या दारापाशी घुटमळत राहिले. सासूबाई मला म्हणाल्या, "तू तिची थोरली ना? डॉक्टरांना दोन शब्द सांगायचेस." मी म्हटलं, "मी काय सांगू? मी अंड्यांकडे असते." भूक नव्हती तरी मी दीड भाकरी खाल्ली, कुणाला शंका यायला नको. ताटं उचलताना धाकटी बाहेर आली. डोळे सुजलेले. "ताई," ती म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं. तुमचा मान होता तो. तुम्हीच तर सगळ्यांना जन्माला घातलंत."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एवढं चांगलं असायची काही गरज होती का? मी चोरी केली आणि हिनं चोरीचा माल घडी घालून माझ्या हातात दिला. त्या चांगुलपणावरसुद्धा मी जळले. आता बोला.

दोन दिवसांनी मैदानावर सराव ठेवला. पुढच्या बाजूला मोकळं गवत, एका कडेला तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे खडीच्या ट्रकांचा रस्ता. सोबत जाणाऱ्यानं झगा घालून पळायचं, पक्षी मागे पळतात, उडतात, गोल फिरून पुन्हा त्याच्याजवळ उतरतात. धाकटीनं हे शंभरदा केलं होतं, मी तिकडे अंड्यांच्या खोलीत बंद असताना. आता मी करणार होते. डॉक्टर आणि धाकटी आडोशामागे उभे होते. तिला डॉक्टरांनीच बोलावलं होतं, मला काही अडलं तर खुणेनं सांगायला.

मी पळाले. पळाले म्हणजे काय, गादीची खोळ पळाली. सहा जण जागच्या जागी उभे राहून माझ्याकडे बघत होते. एक तर वाकून गवतातलं काहीतरी खायला लागला. मी खोटी चोच हलवली, रेकॉर्डर मोठा केला, पुन्हा पळाले. धाप लागली. सातवासुद्धा आला नाही! मला तर वाटलं होतं, दुसरं कुणी नाही तरी तो येईल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो या झग्याला ओळखतच नव्हता. तो माझ्या आवाजाला ओळखायचा, आणि मी गप्प होते.

तेवढ्यात तो उडाला. आपला आपण, कुणाच्या मागे नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच इतका उंच. कुंपणावरून गेला आणि रस्त्याच्या मधोमध उतरला.

मी कुंपणाकडे धावले. रेकॉर्डर पूर्ण मोठा करून वर धरला. क्रौंचाचा आवाज मैदानभर घुमला, सातव्यानं वळूनही बघितलं नाही. आडोशामागून डॉक्टर दोन्ही हातांनी खुणा करत होते, बोलवा, बोलवा. धाकटी दुसरा झगा अंगात घालायची धडपड करत होती, एक हात बाहीत, एक बाहेर. ती मैदानाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. आणि वळणावरून खडीचा ट्रक आला. हॉर्न वाजवला. दुसरा कुठलाही क्रौंच असता तर जीव घेऊन उडाला असता. सातव्यानं मान उंच केली आणि ट्रकमधल्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. हे त्या वेळी माझ्या मनात आलं, लपवत नाही. एवढ्याशा वेळात तेही येऊन गेलं.

मी जाळी फाडून काढली. "गुलामा!" मी ओरडले. "अरे गुलामा, इकडे ये! इकडे ये रे राजा!"

तो वळला. पंख अर्धे उघडून, ते लांब पाय टाकत, धडपडत धावत आला. कुंपण उडी मारून ओलांडलं आणि मान माझ्या काखेत खुपसली. त्याच्यामागून ट्रक धुरळा उडवत निघून गेला. मी त्याला दोन्ही हातांनी धरून तिथेच बसले आणि म्हणत राहिले, "मेल्या, जीव घेशील माझा एक दिवस." इकडे माझा आवाज ऐकून सहा जण मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पळाले होते. सहाही पास.

डॉक्टर आणि धाकटी आले. डॉक्टरांनी खाली पडलेली जाळी उचलली. मग विचारलं, "कधीपासून?"

"अंड्यात होता तेव्हापासून," मी म्हटलं.

"आणि ही रडत होती तेव्हा?"

"तेव्हा गप्प होते."

ते वळून चालायला लागले. धाकटी तिथेच उभी राहिली, अर्धा झगा अंगात, अर्धा लोंबतोय. मला वाटलं आता ओरडेल, शिव्या देईल. हक्कच होता तिचा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या काखेतल्या त्या मानेकडे बघत होती.

"तीन महिने मी भरवलं त्याला," ती म्हणाली. "माझ्याकडे एकदाही असा आला नाही, ताई."

ती नजर मला पाठ होती. तिला आणल्यापासून आरशात तीच तर बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतकं सगळं होऊन, एवढी लाज गेलेली असताना, छातीत कुठेतरी लख्ख आनंद झाला, की शेवटी एकदा माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. मग मी सातव्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

अंड्यांची खोली माझ्याकडून काढून घेतली. "तुम्हाला घालवत नाही," डॉक्टर म्हणाले, "कारण त्याला सांभाळायला तुम्हीच लागणार. तो आता कुठे जाणार?" तो कुठेच जाणार नव्हता. दलदलीत नाहीच. त्याला जोडीदारीण दिली तरी तो तिच्याकडे बघेल की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. क्रौंच पिंजऱ्यात चाळीस चाळीस वर्षं जगतो. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

धाकटी निघायच्या आदल्या दिवशी मी गमबुटांचं खोकं तिच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवलं. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं खोकं उघडलं, बूट उलटेपालटे करून बघितले. "मला मोठे होतील," ती म्हणाली.

"मोजे घाल दोन," मी म्हटलं. ती हसली नाही, पण खोकं आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्ष्यांना पेटाऱ्यांत घालायच्या आधी तिनं त्यांना मैदानावर शेवटचं उडवलं. मी सातव्याच्या पिंजऱ्यात होते. आता मला झगा लागत नाही, घरच्या कपड्यांत जाते. जाळीतून दिसलं, धाकटी पळतेय, पायात माझे बूट ढगळ वाजतायत, आणि तिच्यामागे सहा जण पळता पळता एकदम जमिनीवरून सुटले. वर गेले. आणखी वर गेले. आमच्या पिंजऱ्यावरून त्यांनी मोठा गोल घेतला, पंखांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळून. सगळे माझ्या तळहातावरचे. असं थव्यानं उडणं अकरा वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं.

वरून त्यांनी साद घातली. पलीकडच्या पिंजऱ्यांतल्या म्हाताऱ्या जोड्यांनीसुद्धा माना वर करून उत्तर दिलं. सातव्यानं वर बघितलंच नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वर बघ ना रे," मी म्हटलं. "वर बघ, गुलामा. तुझे आहेत ते."

माझा आवाज ऐकला आणि तो आणखी जवळ सरकला.